विश्लेषण : हृदयाचा झटका, फुप्फुसांवर घाव… मूळपेशींचे इंजेक्शन खरेच उपयोगी?

हृदयविकाराच्या झटक्यातून रुग्ण वाचतो, पण काही महिन्यांनी चालताना त्याला धाप लागू लागते. दोष हृदयात असतो आणि त्रास फुप्फुसांत जाणवतो. अशा वेळी मोबाइलवर ‘स्टेम सेल’ उपचारांच्या जाहिराती दिसतात आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील कुटुंबे मोठ्या शहरात जाण्याच्या खर्चाचा हिशेब मांडू लागतात. या पेशी शरीरात गेल्यावर नेमक्या जातात कुठे, तिथे काय करतात आणि त्यांच्याबद्दल आजवर काय सिद्ध झाले आहे, याचा हा आढावा.

हृदय बिघडले, तर फुप्फुसांत पाणी का?

हृदयाचा डावा भाग फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त सगळ्या शरीराला पुरवतो. झटक्यात या भागाचा स्नायू मेला, की पंपाची ताकद कमी होते. पुढे रक्त जोराने ढकलले गेले नाही, तर ते मागे तुंबते आणि मागे असतात ती फुप्फुसे. पाटाचे पुढचे दार अर्धे बंद केले की पाणी मागच्या वाफ्यात चढते, तसाच हा प्रकार.

निरोगी माणसाच्या फुप्फुसांतील केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब अगदी कमी, साधारण ७ ते १० (पाऱ्याचे मिलीमीटर) असतो. दंडाला पट्टा बांधून मोजतो त्या १२०च्या तुलनेत हा दाब नगण्यच. तो कमी असणे गरजेचेही आहे. कारण फुप्फुसांतील हवा आणि रक्त यांच्यातील पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या पन्नास-साठ पट तरी भरेल. हा दाब वाढत २५च्या आसपास गेला, की रक्तातील पाणी आधी पडद्यात झिरपते आणि मग हवेच्या फुग्यांत उतरते. रुग्ण आडवा झाला की गुदमरतो, उठून बसला की बरे वाटते. एका उशीच्या दोन होतात, दोनाच्या तीन. खोकल्यातून फेस येऊ लागला, तर ती आणीबाणी असते.

गावपातळीवर घोळ होतो तो इथेच. छातीत सूं-सूं आवाज आणि रात्रीची धाप म्हणजे दमा, असे गृहीत धरून पंप दिला जातो. जुन्या डॉक्टरांनी या अवस्थेला ‘हृदयाचा दमा’ हे नाव दिले ते उगाच नाही. चुलीचा धूर आणि विडी यांमुळे खऱ्या दम्याचे आणि श्वसनविकाराचे रुग्णही जिल्ह्यात आहेतच, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून ओळखणे कठीण जाते. बुलढाण्यात आणखी एक गुंता आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांत मूत्रपिंडाचे आजार हा जुना प्रश्न आहे. मूत्रपिंड निकामी झाले तरीही फुप्फुसांत पाणी साचते. त्यामुळे ईसीजी, छातीचा एक्स-रे, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टूडी इको आणि क्रिएटिनिन या तपासण्यांशिवाय धापेचे मूळ सापडत नाही.

पाणी उतरले तरी दम का लागतो?

लघवीची गोळी किंवा इंजेक्शन दिले की साचलेले पाणी उतरते आणि रुग्णाला एका रात्रीत हलके वाटते. पण दाब महिनोन् महिने वाढलेला राहिला, तर फुप्फुसे स्वतःला बदलू लागतात. पातळ पडदा जाड होतो, त्यात तंतुमय ऊती साचते. छोट्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू वाढतात आणि त्यांची पोकळी अरुंद होते. सुरुवातीला हा बदल बचावासाठीच असतो, कारण जाड पडद्यातून पाणी सहज झिरपत नाही. मात्र त्याच पडद्यातून प्राणवायूही सहज जात नाही. बचावाची किंमत अशी चुकवावी लागते.

पुढचा टप्पा अधिक वाईट असतो. अरुंद वाहिन्यांतून रक्त ढकलताना हृदयाचा उजवा भाग थकतो, पायांवर सूज येते, पोटात पाणी होते. या अवस्थेला फुप्फुसीय उच्च रक्तदाब म्हणतात आणि डाव्या हृदयाचा बिघाड हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. अशा रुग्णांच्या फुप्फुसांत लोह साठलेल्या भक्षक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. वाहिन्यांतून गळलेल्या तांबड्या रक्तपेशी गिळून त्या तशा झालेल्या असतात. त्या सापडतात फुप्फुसांत, पण विकृतिशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचे नाव आहे ‘हार्ट फेल्युअर सेल्स’!

प्रयोगशाळेत हे बदल बारकाईने तपासले गेले आहेत. कॅनडातील मॉन्ट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये जोसलिन द्युपुई यांच्या चमूने उंदरांच्या हृदयाची रक्तवाहिनी बांधून झटका घडवला. काही आठवड्यांतच त्यांच्या फुप्फुसांत तंतू वाढवणाऱ्या पेशी आणि कोलॅजन जमा झालेले दिसले. याच चमूने २००३ मध्ये दाखवले, की इर्बेसार्टन हे रक्तदाबाचे साधे औषध दिले तर उंदरांतील हे बदल मागे फिरतात. २०१२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनीही डावे हृदय निकामी झालेल्या उंदरांच्या फुप्फुसांत तंतू आणि दाहाच्या पेशी वाढल्याचे नोंदवले. यातून एक गोष्ट पुढे आली. फुप्फुसांतील हा बिघाड केवळ दाबाचा परिणाम नाही. त्यात दाह, म्हणजे प्रतिकारयंत्रणेचे पेटून उठणेही सामील आहे. मूळपेशींचा विचार इथूनच सुरू होतो.

विंचूदंशाने शिकवलेले काय?

हृदयाला इजा आणि फुप्फुसांत पाणी, ही साखळी महाराष्ट्राला विंचवाने फार आधी दाखवून दिली आहे. तांबड्या विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाचा स्नायू दुखावतो आणि काही तासांत फुप्फुसे पाण्याने भरतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून हे चक्र तोडले. आवळलेल्या वाहिन्या सैल झाल्या, हृदयावरचा भार उतरला, फुप्फुसे मोकळी झाली आणि विंचूदंशाच्या मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. ‘लॅन्सेट’ने हे काम प्रसिद्ध केले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शेगाव तालुक्यातील केसगळतीच्या प्रकरणात २०२५ मध्ये सेलेनियमकडे बोट दाखवणारे डॉक्टर ते हेच.

प्राझोसिनने फुप्फुसांवर थेट इलाज केला नव्हता. हृदयाचा भार उतरवल्यावर फुप्फुसे आपोआप सावरली. मूळपेशींची चर्चा करताना हा मुद्दा वारंवार लागतो.

मूळपेशी म्हणजे काय?

ज्या पेशी स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करतात आणि गरजेनुसार वेगळ्या प्रकारच्या पेशींत बदलू शकतात, त्या मूळपेशी. अस्थिमज्जेतील रक्तजनक मूळपेशी रक्त बनवतात आणि रक्ताच्या कर्करोगावर किंवा थॅलेसेमियावर त्यांचे प्रत्यारोपण हा जगभर मान्य उपचार आहे. जाहिरातींत दिसणाऱ्या पेशी बहुधा वेगळ्या असतात. कमरेच्या हाडातील मगज, पोटाची चरबी किंवा बाळाची नाळ यांतून काढलेल्या त्या ‘मेझेन्कायमल’ पेशी होत. एकाच शब्दात दोन्ही बसत असल्याने पहिल्या प्रकाराची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

शिरेतून दिलेल्या पेशी जातात कुठे?

सामान्य समज असा, की सलाइनमधून सोडलेल्या पेशी रक्तातून वाहत हृदयात पोहोचतात, मेलेल्या स्नायूच्या जागी रुजतात आणि नवा स्नायू बनवतात. प्रत्यक्षात यातले जवळपास काहीच घडत नाही.

हाताच्या शिरेतून गेलेले रक्त आधी हृदयाच्या उजव्या भागात आणि तिथून थेट फुप्फुसांत जाते. तिथल्या केशवाहिन्या इतक्या बारीक असतात, की सात-आठ मायक्रॉनच्या तांबड्या पेशीलाही अंग चोरून जावे लागते. प्रयोगशाळेत वाढवलेली मेझेन्कायमल पेशी मात्र १५ ते ३० मायक्रॉनची असते. ती फुप्फुसांतच अडकते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील अभ्यासात दिसले, की शिरेतून दिलेल्या अशा बहुतांश पेशी फुप्फुसांच्या चाळणीतच थांबतात आणि पलीकडे फार थोड्या पोहोचतात. अडकलेल्या पेशीही फार काळ जगत नाहीत, एक-दोन दिवसांत बऱ्याचशा नाहीशा होतात. थोडक्यात, हृदयासाठी घेतलेले इंजेक्शन प्रत्यक्षात फुप्फुसांना दिलेले असते.

यातला खरा चक्रावून टाकणारा भाग त्याच वर्षी समोर आला. डार्विन प्रोकॉप यांच्या चमूने ‘सेल स्टेम सेल’ या नियतकालिकात लिहिले, की हृदयविकाराचा झटका दिलेल्या उंदरांना मानवी मेझेन्कायमल पेशी शिरेतून दिल्या, तेव्हा त्या फुप्फुसांत अडकल्या तरी हृदयाचा घाव लहान झाला. कारण अडकलेल्या पेशी तिथून टीएसजी-६ नावाचे दाह शमवणारे प्रथिन सोडत होत्या आणि ते रक्तातून हृदयापर्यंत पोहोचत होते. पेशींची ते प्रथिन बनवण्याची क्षमता दाबून टाकल्यावर फायदाही गेला. पेशी न देता नुसते प्रथिन दिले, तरी फायदा दिसला.

म्हणजे पेशी इथे बी म्हणून रुजत नाही, ती औषधाच्या कुपीसारखी वागते. फुप्फुसांतील बदलांवर मूळपेशींचा जो परिणाम सांगितला जातो, तोही याच वाटेने होतो. या पेशींच्या स्रावांमुळे भक्षक पेशींचा आवेश कमी होतो, तंतू साचण्याचा वेग मंदावतो आणि फुग्यांतील पाणी शोषून घेण्याची ताकद वाढते. २००९ मध्येच कॅलिफोर्नियातील संशोधकांनी शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या मानवी फुप्फुसात जंतूंच्या विषाने पाणी साचवले आणि मेझेन्कायमल पेशी दिल्यावर ते शोषले जाण्याचा वेग पूर्ववत झाल्याचे दाखवले. मात्र तिथे पडदा विषामुळे गळत होता. हृदय निकामी झाल्यावर पडदा गळतो तो मागच्या दाबामुळे. दाब तसाच ठेवून पडद्याची डागडुजी करणे म्हणजे धरणाचे दार न उघडता भिंतीला गिलावा करण्यासारखे आहे.

मग २०१९च्या अखेरीस ‘नेचर’ने सिनसिनाटीतील जेफरी मोल्केन्टिन यांच्या चमूचा निष्कर्ष ऑनलाइन प्रसिद्ध केला. उंदराच्या दुखावलेल्या हृदयात जिवंत मूळपेशी टोचल्या तर फायदा झाला. मेलेल्या पेशी टोचल्या, तरी झाला. यीस्टच्या भिंतीपासून काढलेले झायमोसान हे रसायन टोचले, तरीही झाला! शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या जागी धावून येते आणि घावाचा व्रण अधिक मजबूत बनतो, एवढाच त्याचा अर्थ. मेलेली पेशीही तेच काम करत असेल, तर जिवंत पेशीसाठी लाखो रुपये नेमके कशाचे, हा प्रश्न उरतो.

शिवाय सगळ्याच पेशी फुप्फुसांच्या मित्र असतात, असेही नाही. अस्थिमज्जेतून रक्तात उतरणाऱ्या काही पेशी दुखावलेल्या फुप्फुसात जाऊन तंतूच वाढवतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. कोणती पेशी, किती आणि कधी, यावर परिणाम उलटाही होऊ शकतो.

माणसांवरील चाचण्या काय सांगतात?

या क्षेत्राचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. २००१ मध्ये पिएरो अँव्हर्सा आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दावा केला, की अस्थिमज्जेच्या पेशी उंदराच्या हृदयात नवा स्नायू बनवतात. जगभर मानवी चाचण्यांची रीघ लागली. २००४ मध्येच दोन स्वतंत्र चमूंनी हा दावा पडताळताना तो खरा ठरत नसल्याचे दाखवले, पण तोवर गाडी सुटली होती. २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम रुग्णालयाने अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेतील ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली, कारण त्यांत खोटी किंवा फेरफार केलेली माहिती होती.

२०१४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील डॅरेल फ्रान्सिस यांच्या गटाने ‘बीएमजे’मध्ये त्याहून वेगळे काही दाखवले. त्यांनी हृदयावरील मूळपेशी उपचारांच्या ४९ चाचण्या तपासल्या आणि त्यांच्या अहवालांत ६०४ विसंगती मोजल्या. न जुळणारे आकडे, अशक्य टक्केवाऱ्या, एकाच चाचणीचे दोन वेगळे निकाल. ज्या चाचणीत विसंगती जास्त, तिथे उपचाराचा फायदाही मोठा दिसत होता. एकही विसंगती नसलेल्या पाच चाचण्यांत फायदा शून्याच्या जवळ होता.

भारतातही प्रयत्न झाला. अनेक केंद्रांत झटक्याच्या २५० रुग्णांवर घेतलेल्या ‘एमआय थ्री’ चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आले. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी हृदयाच्या धमनीत सोडल्या होत्या. सहा महिन्यांनी हृदयाच्या पंपशक्तीत दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. युरोपातील ‘बामी’ चाचणीला ३,००० रुग्ण हवे होते, मिळाले ३७५, त्यामुळे तिच्यातून मृत्यूदराबाबत निष्कर्ष निघाला नाही. हृदय निकामी झालेल्या ५३७ रुग्णांवरील ‘ड्रीम एचएफ’ ही या क्षेत्रातील मोठी चाचणी. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णालयात पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण कमी व्हावे हे तिचे मुख्य उद्दिष्ट होते, ते साध्य झाले नाही. झटका व पक्षाघाताच्या आकड्यांत काही आशादायक खुणा दिसल्या, पण त्या पडताळायला नवी चाचणी लागेल.

या तिन्ही चाचण्यांत मोजमाप होते ते पंपशक्ती, मृत्यू किंवा रुग्णालयातील भरतीचे. हृदयविकारानंतर फुप्फुसांत झालेले बदल मागे फिरतात का, हे त्यांपैकी एकीचेही मुख्य उद्दिष्ट नव्हते. जाहिरातीत ‘फुप्फुसेही सुधारतात’ असे लिहिले असेल, तर ते उंदरांच्या भरवशावर लिहिलेले आहे.

थेट फुप्फुसांसाठी पेशी वापरण्याचे प्रयत्न करोनाकाळात झाले. कृत्रिम श्वासावरील करोना रुग्णांवर अमेरिकेत सुरू असलेली मेझेन्कायमल पेशींची मोठी चाचणी डिसेंबर २०२० मध्ये थांबवावी लागली, कारण मृत्यू कमी होण्याची शक्यता दिसेना. त्याच प्रकारच्या पेशींना अमेरिकी औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, पण ती अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या गुंतागुंतीने आजारी मुलांसाठी. पेशी निरुपयोगी आहेत असे यातून म्हणता येत नाही. एका आजारावरची मंजुरी दुसऱ्याला लागू पडत नाही, इतकेच.

धोका कोणता?

‘रुग्णाच्याच शरीरातील पेशी, मग धोका कसला’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण गुठळी झालेल्या पेशी फुप्फुसांची रक्तवाहिनी बंद करू शकतात. शिरेतून चरबीच्या मूळपेशी घेतल्यानंतर एकाच कुटुंबातील व्यक्तींच्या फुप्फुसांत रक्तगुठळ्या आढळल्याची नोंद दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी २०१३ मध्ये केली आहे. ज्याची फुप्फुसे हृदयामुळे आधीच तुंबली आहेत, त्याला हा धोका परवडणारा नाही. अमेरिकेत फ्लोरिडातील एका क्लिनिकमध्ये डोळ्यांत स्वतःच्याच चरबीच्या पेशी टोचून घेतलेल्या तीन महिलांची दृष्टी गेल्याचे २०१७ मध्ये नोंदले गेले.

दुसरा धोका नियमित औषधे सोडण्याचा. मोठा खर्च झाला, आता गोळ्यांची गरज नाही, असे वाटू लागते. हृदय निकामी झालेल्या रुग्णाने गोळ्या अचानक थांबवल्या, तर फुप्फुसांत पुन्हा पाणी भरायला काही दिवसही पुरतात.

कायदा काय म्हणतो?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या व तत्सम मान्य आजारांसाठीचे रक्तजनक मूळपेशी प्रत्यारोपण सोडले, तर इतर कोणताही मूळपेशी वापर नेहमीचा उपचार म्हणून देता येत नाही. तो फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनी मूळपेशींपासून बनवलेली उत्पादने ‘नवीन औषध’ ठरवली, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आली. बेंगळूरुच्या एका कंपनीच्या पेशींना पायांच्या रक्तवाहिन्या बंद होण्याच्या आजारावर आणि गुडघ्याच्या संधिवातावर अशी परवानगी मिळालेली आहे, पण ती हृदयासाठी किंवा फुप्फुसांसाठी नाही.

त्यातली रुग्णाच्या कामाची बाब अशी, की चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्या प्रायोगिक उपचाराचे पैसे घेता येत नाहीत आणि चाचणीमुळे इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. त्यामुळे ‘चाचणी आहे, पण तीन लाख भरा’ असे कोणी सांगत असेल, तर तिथेच थांबावे. प्रत्येक चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया’च्या संकेतस्थळावर असणे बंधनकारक आहे आणि नोंदणी क्रमांक मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. हृदयविकार बरा करण्याच्या जाहिरातींना औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ नुसारही मनाई आहे, कारण हृदयविकार त्या कायद्याच्या यादीत आहे. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते.

मग फुप्फुसे सावरतात कशाने?

हृदयावरचा भार उतरवल्याने. मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांत फुग्याने झडप मोकळी केली, की वर्षानुवर्षे वाढलेला फुप्फुसांतील दाब हळूहळू उतरतो. निकामी हृदयाला यांत्रिक पंप बसवल्यावरही काही महिन्यांत हेच दिसते. माणसांतला सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे, की फुप्फुसांतील बदल निदान काही अंशी मागे फिरतात.

औषधांची बाजूही गेल्या दशकात बदलली आहे. बीटा ब्लॉकर, एसीई इनहिबिटर किंवा त्यांच्या नव्या पिढीतील औषधे, स्पायरोनोलॅक्टोन आणि मुळात मधुमेहासाठी आलेले डॅपाग्लिफ्लोझिन या चार गटांची औषधे आता एकत्र दिली जातात. २०१९ मध्ये ४,७४४ रुग्णांवरील चाचणीत डॅपाग्लिफ्लोझिनमुळे हृदय आणखी बिघडण्याचा किंवा त्यामुळे मृत्यूचा धोका २६ टक्क्यांनी घटला. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर हे औषध भारतात खूप स्वस्त झाले. त्यामागे सिनेतारका नाही, ‘चमत्कार’ हा शब्द नाही, म्हणून ते मोबाइलवर दिसत नाही. सिल्डेनाफिलसारखी फुप्फुसांच्या दाबाची खास औषधे मात्र डाव्या हृदयामुळे आलेल्या दाबावर सर्रास वापरू नयेत, अशीच आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. कोणाच्या सांगण्यावरून दुकानातून ती आणू नयेत.

बुलढाण्यातील रुग्णांसाठी महत्त्वाचे काय?

सर्वांत मोठा फरक पडतो तो पहिल्या काही तासांत. बंद धमनी जितक्या लवकर उघडेल, तितका कमी स्नायू मरतो आणि पुढे फुप्फुसांवर तितका कमी भार येतो. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर ‘गॅस’ समजून रात्र काढण्याऐवजी १०८ वर फोन करून जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढणे आणि गरज असल्यास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच घेणे महत्त्वाचे. पुढच्या उपचारासाठी मलकापूरकडील रुग्ण जळगावला, खामगाव-शेगावकडील अकोल्याला आणि घाटावरचे छत्रपती संभाजीनगरला जातात. हा प्रवास इंजेक्शनच्या आधी करायचा की नंतर, यावर बरेच अवलंबून असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेले बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पूर्ण क्षमतेने उभे राहील, तेव्हा यातले काही अंतर कमी होईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे, त्यामुळे शेत गहाण टाकण्याआधी योजनेतील रुग्णालय शोधावे.

घरी आल्यानंतरची कामे साधी, पण रोजची आहेत. सकाळी लघवीनंतर वजन करून लिहून ठेवणे. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढले, तर ती चरबी नसून पाणी असते. धाप लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभर; लोणचे, पापड, ठेचा आणि शेगावची कचोरी यांतले मीठही त्यातच धरायचे. अंगदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या शरीरात पाणी साठवतात आणि निकामी हृदयाला आणखी खाली ओढतात. शेतात राबणाऱ्या रुग्णांत ही गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते, कारण त्या गोळ्या किराणा दुकानातही मिळतात.

पुढे काय?

संशोधन थांबलेले नाही. जपानमधील ओसाका विद्यापीठात जानेवारी २०२० मध्ये आयपीएस पेशींपासून, म्हणजे शिन्या यामानाका यांना २०१२ चे नोबेल मिळवून देणाऱ्या तंत्राने बनवलेल्या पेशींपासून तयार केलेली हृदयस्नायूची चकती रुग्णाच्या हृदयावर बसवली गेली. तिचा रोखही पेशींच्या स्रावांनी दुखावलेल्या भागात रक्तपुरवठा वाढवण्यावर आहे. दुसरीकडे पेशीच वगळून फक्त त्यांचे स्राव, एक्सोसोम नावाच्या सूक्ष्म पुड्यांच्या रूपात देण्याचे प्रयोग सुरू आहेत. पेशी फुप्फुसांत अडकण्याचा प्रश्न त्यात उरत नाही. मात्र भारतात एक्सोसोमही हृदयाच्या किंवा फुप्फुसांच्या आजारावर मंजूर उपचार नाहीत, आणि त्यांच्याही जाहिराती सुरू झाल्या आहेत.